प्रकाशित ई-लर्निंग कोर्सची मूळ फाईल सापडत नाही, दुरुस्ती कशी करावी?

कोरांटी

नमस्कार. चाकणच्या बाजूला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रशिक्षण विभागात काम करते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा जो कायदा आहे, ज्याला सगळे 'पॉश' म्हणतात, त्यावर आमच्याकडे एक मराठी कोर्स आहे. लाईनवरच्या लोकांसाठी खास करून घेतलेला. त्यातली माणसं आमच्या शॉप फ्लोअरवरच्यासारखी बोलतात, निवेदन साध्या मराठीत आहे. इंग्रजीतून जसेच्या तसे उचललेले कोर्स मी पाहिले आहेत, लोक 'पुढे'चं बटण दाबत सुटतात. हा कोर्स मात्र थांबून ऐकतात, नंतर प्रश्नही विचारतात. म्हणून तो टाकून द्यायचा नाही.

कोर्स आर्टिक्युलेट कंपनीच्या स्टोरीलाइन या कोर्स बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला आहे. करणारी एजन्सी आता बंद झाली. आमच्याकडे एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या आणि कोणी पूर्ण केला याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, चढवलेलं स्कॉर्मचं (एलएमएसला कळणाऱ्या ठरावीक मांडणीचं) झिप पॅकेज तेवढं आहे. जिच्यात संपादन करता येतं ती मूळ 'स्टोरी' फाईल कुठेही नाही.

बदल दोन प्रकारचे आहेत. अंतर्गत समिती (छळाच्या तक्रारी ऐकणारी कंपनीतली समिती) बदलली, म्हणून सदस्यांची नावं आणि फोन नंबर बदलायला हवेत. शिवाय कोर्समध्ये अजून जुन्या, आता रद्द झालेल्या भारतीय दंड विधानाची कलमं आहेत, तीही पडद्यावर आणि निवेदनात. पहिला बदल मला रात्री झोपू देत नाही. एखादी मुलगी धीर करून त्या पडद्यावरचा नंबर फिरवेल आणि तो नोकरी सोडून गेलेल्या बाईंचा निघेल. हे थांबवायचं आहे.

कोणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मला थोडंफार एचटीएमएल कळतं.

टाचणी

कोरांटीताई, आधी नको असलेलं उत्तर. प्रकाशित पॅकेजवरून 'स्टोरी' फाईल परत तयार होत नाही. खुद्द आर्टिक्युलेटही हेच सांगतं. नेटवर कोणी पैसे घेऊन 'रूपांतर' करून देतो म्हणाला तर तो पडद्यांची चित्रं काढून नव्या फाईलमध्ये चिकटवून देणार, एवढंच.

पण पॅकेजच्या आत हात घालून बरंच काही करता येतं. झिपची एक प्रत बाजूला ठेवा, तिला अजिबात हात लावायचा नाही. दुसरी उघडा. सगळ्यात बाहेर 'आयएमएस मॅनिफेस्ट' नावाची एक्सएमएल फाईल दिसेल. कोर्सचं नाव काय, सुरुवात कोणत्या पानापासून, हे एलएमएसला तिच्यातून कळतं. 'स्टोरी कंटेंट' फोल्डरमध्ये आवाज आणि व्हिडिओ. स्टोरीलाइन ३६० मधून निघालं असेल तर चित्रं बहुतेक 'मोबाईल' नावाच्या फोल्डरमध्ये. आणि 'एचटीएमएल५' मधल्या 'डेटा'च्या आत 'जेएस' (जावास्क्रिप्ट) फोल्डर, त्यात प्रत्येक पडद्याची एकेक फाईल. नावं अर्थहीन असतात, अक्षरं-आकडे मिसळलेली. ती वाचत बसू नका. कोर्स ब्राउझरमध्ये चालवा, एफ१२ दाबा (ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडते), नेटवर्कचा टॅब उघडा आणि हव्या त्या पडद्यावर जा. त्या क्षणी जी फाईल आणि जो एमपी३ उतरतो, तो त्या पडद्याचा.

आता खरा प्रश्न : समितीची नावं पडद्यावर कशाच्या रूपात आहेत? एफ१२ मध्येच त्या नावावर बोट ठेवून बघा. तीन शक्यता आहेत. ते एक चित्र असेल, तर काम सोपं. तो खरा मजकूर असेल, तर काळजीपूर्वक बदलता येतो. आणि अक्षरांचे नुसते वळणदार आकार काढलेले असतील, म्हणजे 'एसव्हीजी पाथ', तर तिथे 'सुनीता' पुसून 'शबाना' लिहिणं शक्य नाही, कारण तिथे अक्षर नाहीच, रेषा आहेत. जुन्या पद्धतीच्या मजकुराचं स्टोरीलाइन असंच करत असे. नंतरच्या 'मॉडर्न टेक्स्ट' पद्धतीत मजकूर मजकूर म्हणूनच बाहेर पडतो.

बघून सांगा, मग पुढचं.

कोरांटी

टाचणी, खूप आभार. पाहिलं. समितीचा पूर्ण पडदा, म्हणजे फोटो, नावं, नंबर, सगळं मिळून एकच पीएनजी चित्र आहे! कलमांच्या पडद्यांवर मात्र तुम्ही म्हणता तसे पाथ आहेत. निवेदनाचे एमपी३ सापडले.

टाचणी

मग पहिलं काम आजच होईल. ते पीएनजी उचला. रुंदी-उंची पिक्सेलमध्ये जेवढी आहे तेवढ्याच मापाचं नवं चित्र बनवा, तेच नाव द्या, तेच एक्स्टेन्शन, त्याच जागी ठेवा. जेपीजी करून नाव पीएनजी ठेवू नका.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. चित्राला पर्यायी मजकूर दिलेला असतो, स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी. चित्र बदललं तरी तो जुनाच राहतो. दृष्टिहीन सहकारी असेल तर तिला जुनीच नावं ऐकू येतील. त्या पडद्याच्या जेएस फाईलमध्ये जुनं नाव शोधा. देवनागरीत सापडलं नाही तर युनिकोड क्रमांकांच्या रूपात शोधा; 'क'चा क्रमांक ०९१५, तसे.

जेएस फाईल उघडण्यासाठी वर्ड किंवा साधं नोटपॅड नको, व्हीएस कोड किंवा नोटपॅड प्लस प्लस घ्या आणि यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी नीट राहणाऱ्या पद्धतीत) साठवा. त्या फाईलमध्ये सगळा डेटा एकेरी अवतरणचिन्हांच्या आत जेसॉन (डेटा लिहायची एक मजकूर-पद्धत) म्हणून एका ओळीत कोंबलेला असतो. तुमच्या नव्या मजकुरात एखादं अवतरणचिन्ह आलं आणि त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ दिली नाही, तर पडदा उघडतच नाही, चक्र फिरत राहतं. नावं आणि नंबर टाकताना अवतरणचिन्ह लागतच नाही, तेव्हा टाळा.

परत झिप करताना फोल्डर झिप करू नका. आतल्या सगळ्या फायली निवडून झिप करा, म्हणजे मॅनिफेस्ट सगळ्यात बाहेर राहील. तो एक पायरी आत गेला तर एलएमएस पॅकेज नाकारतं. संगणकावर डबल क्लिक करून तपासू नका, ब्राउझर तशा फायली अडवतो. एलएमएसच्या चाचणीच्या जागेत किंवा स्कॉर्म क्लाउड या चाचणीच्या वेबसाइटवर चालवून बघा.

रानवाटा

मध्येच बोलतो. मी या क्षेत्रात बरीच वर्षं आहे आणि माझं मत वेगळं आहे. समितीचं चित्र बदला, त्याला पर्याय नाही. पण तिथेच थांबा. पॅकेजमध्ये ठिगळं लावत गेलं की वर्षभराने कोणालाच कळत नाही कोणती झिप खरी. पुढच्या वर्षी समितीतली एक सदस्य बदलली की पुन्हा हेच. आणि तुमच्यानंतर त्या खुर्चीत येणाऱ्या माणसाला एफ१२ माहीत नसेल.

कोर्स नव्याने बांधा. पटकथा, चित्रं, आवाज तुमच्या हातात आहेत, कारण ते सगळं पॅकेजमध्येच आहे. नव्या फाईलमध्ये जुळवायचं काम आहे, नव्याने सुचायचं नाही. खर्चाचा मोठा भाग लेखन आणि निवेदनात जातो, ते दोन्ही झालेलं आहे.

एक आठवण : कोर्सचं कोणतंही काम पूर्वी कोणी तुमच्याच ऑफिसच्या संगणकावर केलं असेल, तर त्या मशीनवर शोधायला सांगा. स्टोरीलाइन काम चालू असताना विंडोजच्या अॅपडेटा फोल्डरमध्ये तात्पुरत्या टीएमपी फायली ठेवतं. अशी फाईल सापडली तर तिचं एक्स्टेन्शन बदलून 'स्टोरी' करा, कधी कधी उघडते. मशीन फॉरमॅट झालं असेल तर सोडून द्या.

टाचणी

रानवाटा, नव्याने बांधायला माझा विरोध नाही. पण मंजुरी, खरेदी विभाग, कोटेशन, यात महिने जातात आणि तोपर्यंत चुकीचा नंबर पडद्यावर राहतो. ठिगळ त्या महिन्यांसाठी आहे. 'कोणती झिप खरी' यावर उपाय सोपा आहे. झिपच्या नावात तारीख, आणि शेजारी एक साधी टेक्स्ट फाईल : काय बदललं, कोणत्या फाईलमध्ये, कोणी.

सदाफुली

मी भाषांतर करते, ई-लर्निंगचं पुष्कळ. कोरांटी, तुमचा मराठी कोर्स मुळात मराठीतच लिहिला होता की इंग्रजीवरून आला? इंग्रजीवरून आला असेल तर भाषांतरकाराला शोधा!

स्टोरीलाइनमध्ये भाषांतरासाठी निर्यात करायची सोय आहे. वर्डची किंवा एक्सलिफ फाईल निघते आणि तिच्यात प्रत्येक पडद्यावरचा प्रत्येक शब्द असतो : बटणं, प्रश्न, चुकीच्या उत्तरानंतरचा अभिप्राय, पर्यायी मजकूर, टिपा, सगळं. ती आमच्याकडे येते, आम्ही भरून परत पाठवतो. एजन्सी बंद झाली तरी भाषांतरकाराच्या ईमेलमध्ये ती असते. माझ्याकडे दहा-दहा वर्षांपूर्वीच्या आहेत. तिच्यावरून थेट नवा कोर्स तयार होणार नाही, कारण ती परत आत घ्यायला तोच मूळ प्रकल्प लागतो. पण पाथमध्ये अडकलेला सगळा मजकूर युनिकोडमध्ये तुमच्या हातात येतो, पडदे बघून टाईप करावा लागत नाही. नव्याने बांधायचं असेल तर अर्धी दमणूक तिथेच वाचते.

तसंच निवेदन ज्या स्टुडिओत झालं तिथेही विचारा.

उंबरठा

मी वकील आहे, दोन कंपन्यांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. तांत्रिक भागात बोलणार नाही, पण 'शोधा आणि बदला' करण्याआधी हे वाचा.

भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तुमच्या कोर्समध्ये येण्यासारखी कलमं अशी जुळतात : विनयभंगाच्या हेतूने हल्ला किंवा बळाचा वापर, जुनं ३५४, आता ७४. लैंगिक छळ ३५४अ, आता ७५. विवस्त्र करण्याच्या हेतूने हल्ला ३५४ब, आता ७६. चोरून पाहणं ३५४क, आता ७७. पाठलाग ३५४ड, आता ७८. शब्द, हावभाव वा कृतीने स्त्रीच्या लज्जेचा अवमान ५०९, आता ७९.

पण १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं. तुमच्या कोर्समध्ये उदाहरणादाखल एखादा प्रसंग असेल आणि त्यात तारीख किंवा वर्ष असेल, समजा २०१९, तर तिथलं ३५४अ बरोबर आहे, ते ७५ केलं तर चूक होईल. म्हणून प्रत्येक जागा वाचून ठरवा.

पॉश कायद्यातच काही ठिकाणी दंड विधानाचा उल्लेख आहे, उदाहरणार्थ ११ व्या कलमात ५०९ चा. तिथे गोंधळ नको. रद्द होऊन नव्याने आलेल्या कायद्याचे जुने उल्लेख नव्याला लागू समजायचे, अशी तरतूद १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या ८ व्या कलमात आहे. आणि न्याय संहितेमुळे पॉशमधल्या मुदती बदललेल्या नाहीत. तक्रार तीन महिन्यांत, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, चौकशी ९० दिवसांत. तो मजकूर तसाच राहू द्या.

हात घालताच आहात तर एक भर घाला. महिला व बालविकास मंत्रालयाचं 'शी-बॉक्स' हे तक्रारीचं पोर्टल ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या रूपात आलं. जुन्या कोर्समध्ये ते नसणार.

मंद्रसप्तक

निवेदनाबद्दल मी सांगतो, माझं कामच ते आहे.

पडद्याची टाइमलाइन पॅकेजमध्ये पक्की झालेली असते. नवा आवाज जुन्यापेक्षा लांब झाला तर शेवट कापला जातो, आखूड झाला तर पडदा गप्प उभा राहतो. म्हणून जुन्या एमपी३ ची लांबी मोजा आणि तेवढ्यातच बसवा. तुमच्या बाबतीत सोय अशी की 'भारतीय दंड विधानाचं कलम तीनशे चोपन्न अ' याच्या जागी 'भारतीय न्याय संहितेचं कलम पंच्याहत्तर' येतंय, ते थोडं आखूडच होतं. उरलेल्या वेळात कोरी शांतता भरू नका, कानाला लगेच जाणवते. त्याच फाईलमधला दोन वाक्यांमधला खोलीचा आवाज उचलून तो पसरा.

शक्यतो मूळ निवेदिकेलाच बोलवा. तिला फक्त नवं वाक्य पाठवू नका, मागचं-पुढचं वाक्य जुन्या आवाजात ऐकवा, म्हणजे पट्टी आणि वेग जुळेल. ती मिळाली नाही तर त्या पडद्याचं पूर्ण निवेदन नव्या आवाजात घ्या. अर्ध्या वाक्यात आवाज बदलला की ऐकणाऱ्याचं लक्ष कायद्यावरून उडून आवाजावर जातं. संगणकी आवाज मध्येच घुसवण्याला माझा ठाम विरोध आहे, विशेषतः या विषयात. छळाबद्दल बोलणारा आवाज माणसाचा हवा.

नमुना दर (सॅम्पल रेट) आणि मोनो-स्टीरिओ जुन्या फाईलसारखंच ठेवा. पडद्यावर उपशीर्षकं असतील तर तीही बदला.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीचं चित्र आणि पर्यायी मजकूर दोन्ही बदललं, चाचणीत नीट चाललं, लाईव्ह केलं. कोर्स इंग्रजीवरूनच आला होता, सदाफुली, भाषांतरकार बाईंचा पत्ता काढते आहे. मूळ निवेदिकाही तयार आहेत.

पण कलमांच्या पडद्यांचं काय? आवाज 'पंच्याहत्तर' म्हणणार आणि पडद्यावर ३५४अ दिसणार, हे तर जास्तच वाईट. आणि ज्यांचा कोर्स अर्धवट आहे त्यांचं काय होईल?

टाचणी

आधी अर्धवटवाल्यांचं. कोर्स कुठे थांबला, कोणती उत्तरं दिली, हे 'सस्पेंड डेटा' म्हणून एलएमएसमध्ये साठतं. स्कॉर्म १.२ मध्ये त्याला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून तो आवळून लिहिलेला असतो, पडद्यांच्या क्रमावर अवलंबून. चित्र, आवाज, मजकूर बदलला तर त्याला धक्का लागत नाही. पडदा काढला किंवा वाढवला तर जुन्या नोंदी चुकीच्या जागी उघडू शकतात. तेव्हा संख्या आणि क्रम तसाच ठेवा.

पाथवाल्या पडद्यांवर काही जण अक्षरांच्या वस्तूच जेएसमधून पुसून मागच्या चित्रावर नवा मजकूर रंगवतात. मी सुचवणार नाही. टाइमलाइन त्या वस्तूंना त्यांच्या सांकेतिक नावाने बोलावत असते, वस्तू सापडली नाही की पडदा अडकतो.

त्यापेक्षा : 'कायद्यात झालेला बदल' असा छोटासा नवा भाग बनवा, तीन-चार पडद्यांचा, उंबरठांनी दिलेली कलमं, शी-बॉक्स, उजळणीचे दोन प्रश्न. एलएमएसमध्ये तो जुन्या कोर्सच्या आधी लावा. तुमचं एलएमएस मूडल असेल तर जुन्या कोर्सवर 'प्रवेश मर्यादित करा' लावलं की नवा भाग पूर्ण केल्याशिवाय जुना उघडत नाही. जुन्या पडद्यांचं निवेदन सध्या बदलू नका.

रानवाटा

इथे मी अडवणार. हा कोर्स वकिलांसाठी नाही, लाईनवरच्या माणसांसाठी आहे. आधी एक आकडा सांगायचा, मग वीस मिनिटांनी पडद्यावर दुसरा दाखवायचा, ऐकणाऱ्याने आधीचं लक्षात ठेवून मनातल्या मनात दुरुस्त करायचं? अक्षर-अक्षर जुळवत वाचणारी बाई काय समजेल? तिला एवढंच कळेल की कंपनीलाच नीट माहीत नाही. विश्वास गेला की तक्रार येत नाही.

तात्पुरता भाग लावा, पण कलमांचा पूर्ण धडा नव्याने बांधायची तारीख आजच ठरवा. आणि बांधताना बदलणाऱ्या गोष्टी कोर्सच्या बाहेर काढा. समितीची नावं कोर्समध्ये कशाला? एलएमएसवर एक पान ठेवा, कोर्समधून त्याचा दुवा द्या. समिती बदलली की मनुष्यबळ विभागातली कोणीही व्यक्ती ते पान पाच मिनिटांत बदलेल. कायद्याने समितीच्या नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावावाच लागतो, तोच मजकूर दोन्हीकडे राहील. माझ्या मते लाईनवरच्या माणसाला कलमांचे आकडे लागतच नाहीत. 'हा गुन्हा आहे, पोलिसांत जाता येतं, समिती त्यासाठी मदत करेल' एवढं तिला कळायला हवं. आकडे पीडीएफमध्ये द्या.

उंबरठा

रानवाटा यांच्याशी सहमत. पोलिसांत तक्रार करायची असल्यास मदत करणं ही कलम १९ नुसार मालकाची जबाबदारी आहे. ते वाक्य आकड्यांपेक्षा मोठ्या अक्षरात हवं.

पाटीपेन्सिल

धागा वाचून विचारतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे जुन्या मराठी ई-लर्निंगच्या सीडी आहेत, फ्लॅश या जुन्या अॅनिमेशनच्या तंत्रातल्या. काही धडे फार सुंदर आहेत. आता ते उघडतही नाहीत. त्यांचं काही होईल का?

भीमथडी

गुरुजी, होईल, आणि जितकं लवकर कराल तितकं बरं, सीडी खराब होतात. आधी सगळ्या सीडींची पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर घ्या.

अॅडोबीने फ्लॅश प्लेयरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरने आशय चालवणंच बंद केलं. नुसतं बघायचं असेल तर 'रफल' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फायली चालवतं. जुने, साधे धडे बऱ्यापैकी चालतात. आतलं बाहेर काढायचं असेल तर 'जेपेक्स' हे फ्लॅशचं विघटन करणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. चित्रं, आवाज, आकृत्या वेगळ्या करून देतं, एवढंच नाही तर संपादन करता येणारी एफएलए फाईलही बनवून देतं. मूळ फाईल हरवल्यावर इतकं परत मिळणं स्टोरीलाइनमध्ये शक्य नाही.

खरी कसरत मजकुराची. फ्लॅशला देवनागरीची जोडाक्षरं बराच काळ नीट मांडता येत नव्हती, त्यामुळे मराठी धडे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केले जात : श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकचे डीव्ही फॉन्ट. बाहेर काढलेला मजकूर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. तो कचरा नाही, फॉन्टचा तक्ता लावला की मराठी निघतं. पण प्रत्येक घराण्याचा तक्ता वेगळा, श्रीलिपीचा कृतिदेवला चालत नाही. शिवाय त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. परिवर्तक चांगला नसेल तर 'निर्मिती'सारख्या शब्दात वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर बसतात. म्हणून जेपेक्समध्ये आधी फॉन्टचं नाव बघा, मग त्याच फॉन्टचा परिवर्तक शोधा, मग प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासा. हे काम मुलांकडून करून घेतलंत तर त्यांना आवडेल.

नव्याने बांधाल ते एचफाइव्हपी या धडे बनवण्याच्या मुक्त साधनात बांधा. त्याची फाईल म्हणजे एक झिप, आत सगळा मजकूर साध्या जेसॉनमध्ये. प्रकाशित केलेलं तेच मूळ. 'पुन्हा वापरा'चं बटण चालू ठेवलं तर दुसऱ्या शाळेतल्या बाई तुमचा धडा उतरवून आपल्या गावाची उदाहरणं घालू शकतील. मात्र सीडी बनवणाऱ्याची परवानगी घ्या. वर्गात दाखवणं वेगळं, बदलून वाटणं वेगळं.

टाचणी

भीमथडींनी छान लिहिलंय. कोर्स बनवण्याची दुसरी साधनं (राइज, कॅप्टिव्हेट, अडॅप्ट) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात जोडतो. राइजच्या पॅकेजमध्ये मुख्य पानातच सगळा कोर्स बेस६४ या सांकेतिक रूपात गुंडाळलेला असतो, 'ई-वाय-जे' या अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक तुकडा. तो उलगडला की स्वच्छ जेसॉन मिळतं. उलगडताना आणि परत गुंडाळताना यूटीएफ-८ सांभाळणारं साधन घ्या, नाहीतर मराठीचा चुथडा होतो. जुन्या कॅप्टिव्हेटमध्ये 'सीपीएम' नावाच्या जेएस फाईलमध्ये सगळं, आवाज 'एआर' फोल्डरमध्ये, चित्रं 'डीआर'मध्ये. अडॅप्टमध्ये मजकूर उघडा जेसॉन असतो, तिथे काहीच अडचण नाही.

रानवाटा

एक मुद्दा राहिला : मूळ फाईल कोणाची? एजन्सीकडे मागितली तर 'ती आमची' असं उत्तर बऱ्याच जणांना मिळतं.

उंबरठा

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. बाहेरच्या एजन्सीकडून किंवा फ्रीलान्सरकडून लेखन, प्रोग्राम करून घेतला तर पैसे दिले म्हणून हक्क आपोआप येत नाही. तो लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो, कलम १९. आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. 'सर्व हक्क कंपनीकडे' एवढी ओळ पुरेशी वाटते, पण मुदत आणि प्रदेश लिहा.

शिवाय हक्क मिळणं आणि फाईल मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदी आदेशात दोन्ही हवं. मी असं लिहायला सांगते : संपादन करता येईल अशी मूळ फाईल, निवेदनाच्या डब्ल्यूएव्ही फायली आणि संहिता, थरांसह चित्रं, फॉन्ट आणि त्यांचे परवाने, सगळ्या भाषांच्या भाषांतर-फायली. आणि शेवटचा हप्ता, ती मूळ फाईल आमच्या संगणकावर उघडून, प्रकाशित करून, आमच्या एलएमएसवर चालवून पाहिल्यावर.

सदाफुली

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाची पद्धत यासाठी मला फार आवडते. प्रत्येक व्हिडिओची वेळ-निवेदन अशी दोन रकान्यांची संहिता वेगळी, उघडी असते. तिच्यावरून मराठीसह कितीतरी भारतीय भाषांत आवाज दिले गेले. व्हिडिओची कच्ची फाईल हरवली तरी संहिता राहते.

कोरांटी

भाषांतरकार बाईंकडे वर्डची फाईल मिळाली! इंग्रजी-मराठी दोन्ही रकाने, प्रश्नांच्या अभिप्रायांसह. त्यांनी जपून ठेवली होती. कलमांचा धडा नव्याने बांधायला मंजुरी मागितली आहे, रानवाटांचा 'विश्वास गेला की तक्रार येत नाही' हा मुद्दा मी तसाच्या तसा टिपणीत लिहिला आणि प्लांट हेडनी तोच अधोरेखित केला. समितीचं पान एलएमएसवर वेगळं केलं. खरेदी विभागाला उंबरठाताईंचा मसुदा दिला.

तोपर्यंत छोटा भाग लावते आहे, आकडे पीडीएफमध्ये ठेवून. त्यातलं मुख्य वाक्य असं आहे : '१ जुलै २०२४ नंतर केलेल्या तक्रारींना भारतीय न्याय संहिता लागू होते.' ठीक आहे ना?

उंबरठा

नाही, 'तक्रारींना' नको. '१ जुलै २०२४ पासून घडलेल्या घटनांना' असं लिहा. तक्रार उशिरा आली तरी गुन्हा कधी घडला त्यावर कलम ठरतं. जूनमध्ये घडलं आणि ऑगस्टमध्ये ती बोलली, तर तिला वाटायला नको की आपलं प्रकरण कोणत्याच कायद्यात बसत नाही.

कोरांटी

बदललं, पडद्यावर आणि निवेदनाच्या संहितेतही. उद्या सकाळी ध्वनिमुद्रण आहे, संध्याकाळच्या पाळीपासून हा भाग लागेल.